त्या घराचं नाव काय? बास्क किनाऱ्यावरच्या भाड्याच्या घरांबद्दल तुमचे प्रश्न

बिल्बाओपासून बायोनपर्यंतचा समुद्रकिनारा आणि त्याच्या मागचे हिरवेगार डोंगर, थोडे स्पेनमध्ये थोडे फ्रान्समध्ये, हा सगळा बास्क मुलुख. तिकडे हॉटेलात न राहता घर भाड्याने घ्यायचं म्हणणाऱ्यांचे खूप मेसेज आलेत, त्यातले पाच निवडलेत कारण बाकीच्यांची उत्तरं बहुतेक यातच मिळतील.

आम्ही दोघंच, मे महिन्यात दहा दिवस. शेतातलं जुनं दगडी घर हवंय, पण साइटवर प्रत्येक घर "ऑथेंटिक" असतं. खरं कुठलं कसं ओळखायचं? (पुणे)

मालकाला घराचं नाव विचारा. मी बुकिंगच्या आधी पहिला मेसेज हाच टाकते.

बास्क भाषेत घराला एचे म्हणतात आणि तिकडे घर हे माणसापेक्षा मोठं. आपल्याकडे गावावरून आडनाव पडलं, चिपळूणचे ते चिपळूणकर, तसं तिकडे घरावरून पडलं. एचेबेर्रिया म्हणजे नवं घर, गोइकोएचेआ म्हणजे वरच्या अंगाचं घर. शेतावरच्या घराला बासेर्री म्हणतात आणि प्रत्येक बासेर्रीला नाव असतंच, बऱ्याचदा दारावरच्या पाटीवर लिहिलेलं. मालकाने नाव सांगितलं, आणि पुढे ते घर आधी कशासाठी वापरात होतं, गुरं कुठे असायची, सायडरचा (सफरचंदाच्या दारूचा) घाणा होता का, हे दोन ओळींत का होईना सांगितलं, की समजायचं हा माणूस घर ओळखतो. नुसतं "सुंदर, शांत, निसर्गरम्य" आलं तर पुढचं घर बघा.

बासेर्री मुळात राहायचं घर कमी आणि कामाचं घर जास्त. खाली एका बाजूला गोठा, एका बाजूला चूल, वर सगळा माळा गवताने भरलेला, खालच्या गुरांची ऊब वर जायची. काही जुनी घरं तर सफरचंदाच्या घाण्याभोवतीच उभी केलीयत, एस्कियोजवळ इगार्तुबेइती नावाचं सोळाव्या शतकातलं असं घर आता म्युझियम आहे, तिथली लाकडी तुळई बघून या, मग कुठल्याही बासेर्रीत शिरलात की घर वाचता येईल. हे सगळं सांगतेय कारण आज तुम्हाला मिळणारा हॉल बहुतेक वेळा जुना गोठा असतो. म्हणून खिडक्या लहान, उजेड कमी, भिंती हातभर जाड. ज्यांना हे आवडतं त्यांनीच जावं. फोटोत हॉल लख्ख दिसत असेल तर दिवे लावलेत का ते बघा आणि झोपायची खोली खाली आहे की वर माळ्यावर ते विचारा, मी कायम माळ्यावरची घेते.

आणि पाऊस! मे महिना म्हणताय म्हणून मुद्दाम सांगते. कोकणातला पाऊस चार महिन्यांत बदाबदा पडून मोकळा होतो, तिकडे तो वर्षभर वाटून पडतो, सान सेबास्तियानला वर्षाला १५०० मिलिमीटरच्या वर. त्यातल्या बारीक भुरभुर पावसाला सिरिमिरी म्हणतात, छत्रीला जुमानत नाही आणि थांबतही नाही. गेतारियाच्या वरच्या डोंगरात मी एकदा मेमध्येच राहिले होते, चार दिवस धुतलेले कपडे ओलेच, शेवटी घरमालकीणबाईंनी स्वतःहून कपड्यांचा स्टँड त्यांच्या शेगडीपाशी नेऊन ठेवला आणि वर मला सूप दिलं. तेव्हा हीटिंग आहे का, आणि ते भाड्यात धरलंय का वेगळं, हे लेखी घ्या.

एक शब्द लक्षात ठेवा, आग्रोतुरिस्मो. म्हणजे चालू शेती असलेलं घर, मालकाचं कुटुंब तिथेच राहतं, मेंढ्या, भाजी, कोंबड्या सगळं असतं. "कासा रुराल" म्हणजे नुसतं गावाकडचं भाड्याचं घर, त्यात ते असेलच असं नाही. तुम्ही दोघंच आहात तर आग्रोतुरिस्मोमधली एक खोली घ्या, अख्खं घर नको. दारावर वाळवलेलं मोठं काटेरी फूल लावलेलं दिसेल, सूर्यासारखं, त्याला एगुस्किलोरे म्हणतात. रात्रीच्या वाईट शक्ती आत येऊ नयेत म्हणून लावायची पद्धत आहे.

आईबाबांना घेऊन जातोय, दोघांची सत्तरी उलटलीय, बाबांचे गुडघे दुखतात. एलान्चोबे आणि लेकेइतिओचे फोटो बघून आई वेडी झालीय. कोळ्यांच्या जुन्या घरात राहता येईल का? (नाशिक)

एलान्चोबेत नको दादा. बघायला जरूर न्या, मुक्काम नको. ते गाव कड्याला चिकटून आहे, वर रस्ता इतका अरुंद की बस वळवायला जागाच नाही, म्हणून चौकात फिरती चकती बसवलीय, बस त्यावर चढते आणि अख्खी बस गोल फिरवून परत पाठवतात. आईला ते बघायला मजा येईल. पण तिथून बंदराकडे सगळा उतार आणि पायऱ्या, आणि संध्याकाळी तेवढंच परत चढायचं.

कोळ्यांची घरं सगळीकडे उभी आणि चिंचोळी. बंदराकडे तोंड असलेली जागा कमी म्हणून प्रत्येकाने वर वर बांधलं, त्यामुळे एका मजल्यावर एक-दोन खोल्या आणि मधला जिना अंधारा, लाकडी. जाहिरातीत "पहिला मजला" लिहिलं असेल तर तो आपल्यासारखाच तळमजल्याच्या वरचा, पण मध्ये "एन्त्रेसुएलो" किंवा "प्रिन्सिपाल" असे अर्धेमुर्धे मजले घुसलेले असतात आणि पहिला म्हणता म्हणता तिसरा होतो. म्हणून मजला विचारू नका, रस्त्यापासून खोलीच्या दारापर्यंत किती पायऱ्या ते आकड्यात विचारा. लिफ्ट असेल तरी लिफ्टच्या आधी किती तेही विचारा.

तुमच्यासाठी माझी निवड ओंदार्रिबिया. खालचा मरीना भाग हा कोळ्यांचाच मोहल्ला, हिरवे निळे रंगवलेले लाकडी सज्जे, खाली बसायला बाक, रस्ता सपाट. वरचं तटबंदीतलं जुनं गाव चढाचं आहे, तिथे सकाळी हळूहळू जा. आणि समोर फ्रान्समधलं आंदाय, बिदासोआ नदीवरून छोटी होडी काही मिनिटांत पलीकडे नेते, आईबाबांना दोन देश एका सकाळी. दुसरा पर्याय फ्रान्समधलं सँ-जाँ-द-ल्युझ, तिथली खाडी बांध घालून अडवलीय त्यामुळे पाणी शांत, फिरायला सपाट, आणि १६६० मध्ये चौदाव्या लुईचं लग्न याच गावात झालं ते चर्च घरापासून चालत.

बंदराच्या अगदी तोंडावर घर घेत असाल तर अजून एक. एका चालू बंदरावर मी "समुद्र दिसतो" म्हणून हौसेने घर घेतलं आणि पहाटे बर्फाच्या गाड्या, क्रेट आपटणं, ओरडणं सुरू झालं. कोळीवाड्याजवळ राहणाऱ्यांना नवल वाटणार नाही, पण बाबांची झोप जाईल. एक गल्ली मागे घ्या.

आम्ही नऊ जण, तीन कुटुंबं, सगळे शाकाहारी, लहान मुलं चार. बाहेरच्या खाण्यावर विश्वास नाही, स्वयंपाक घरीच करणार. (ठाणे)

मग तुम्हाला अख्खी बासेर्रीच लागेल, आणि तुमच्यासाठी ती हॉटेलपेक्षा स्वस्तही पडेल. पण आधी किचनचा फोटो मागवा आणि शेगडी बघा. काळी काच असेल तर इंडक्शन आहे का ते विचारा, कारण इंडक्शनवर आपला अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापतच नाही, स्टीलचा इंडक्शन बुडाचा न्यावा लागतो. प्लगला गोल पिनांचा अ‍ॅडाप्टर लागेल. नऊ जणांना एकच बाथरूम नाही ना ते बघा, जुन्या घरात पाणी तापवायची टाकी लहान असते, पहिले चार जण गरम पाण्याने आणि बाकीचे थंड, असं होतं.

बाजार मात्र असा की तुम्ही खूश व्हाल. गेर्निकाचा सोमवारचा, ओर्दिसियाचा बुधवारचा, तोलोसाचा शनिवारचा. शेतकरी स्वतः विकायला बसतात. गेर्निकाच्या बारीक हिरव्या मिरच्या तेलात तळून वर मीठ, इबार्राच्या लोणच्यातल्या मिरच्या, इदियाझाबाल हे मेंढीच्या दुधाचं चीज (चीजमध्ये बहुतेक प्राणिज रेनेट, म्हणजे जनावराच्या पोटातून काढलेलं विरजण असतं, तुम्ही ते पाळत असाल तर विचारून घ्या). तोलोसाचा काळा राजमा घरी नेऊन आपल्या पद्धतीने करा, बाहेर खाल तर त्यात डुकराचं मांस असतं. गेर्निका म्हटलं की स्पेनच्या यादवी युद्धातला २६ एप्रिल १९३७ चा बॉम्बहल्ला आठवतो, तो सोमवारीच झाला होता. बाजाराला गेलात की मुलांना तेही सांगा.

आणि जागा उर्दाइबायच्या खोऱ्यात बघा, १९८४ पासून युनेस्कोचं संरक्षित जैवक्षेत्र आहे, ओहोटीला वाळूची बेटं उघडी पडतात. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच दूध ब्रेड भरून ठेवा.

मी म्युनिकमध्ये असतो, सुट्टी ऑगस्टमध्येच. सर्फिंग शिकायचंय, गाडी नाही, बजेट बेताचं. (म्युनिक)

ऑगस्टमध्ये बेताचं बजेट कठीण आहे, खरं सांगते. मध्यावर सान सेबास्तियानला आस्ते नागुसिया हा आठवडाभराचा उत्सव असतो, त्या आठवड्यात शहरात नकोच. फ्रान्सच्या बाजूला जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक घरं शनिवार ते शनिवार अशीच देतात, चादरी टॉवेल आणि शेवटची साफसफाई भाड्यात नसते, डिपॉझिट वेगळं. हिशेब करताना हे धरून बघ, स्वस्त वाटलेलं घर महाग निघतं.

सारौत्स बघ, लांब वाळूचा किनारा, शिकणाऱ्यांसाठी क्लास भरपूर, एउस्कोत्रेन ही नॅरोगेज गाडी थांबते. त्याच लाइनवर सुमाया, जिथे कड्यांत दगडाचे थर पुस्तकाच्या पानांसारखे उभे आहेत, एक दिवस ठेवच. मुंडाकाची डावीकडे फुटणारी लाट जगात नावाजलेली आहे पण ती शिकणाऱ्यांसाठी नाही, काठावर बसून बघायची. शहरात फ्लॅट घेतलास तर "इंतेरियोर" म्हणजे आतल्या चौकाकडे तोंड असलेला, उजेड नाही पण झोप लागते. "एक्स्तेरियोर" म्हणजे रस्त्याकडचा. एसी बहुतेक घरांत नसतो.

एका ट्रिपमध्ये दोन्ही देश करायचेत. व्हिसा कुठल्या देशाचा, आणि घरमालक पासपोर्टची माहिती मागतोय ती द्यायची का? शिवाय तिकडे पर्यटकांच्या घरांविरुद्ध लोक चिडलेत असं वाचलं. (नागपूर)

जिथे रात्री जास्त त्या देशाकडे अर्ज, समान असतील तर जिथून आधी शिरणार त्याच्याकडे. त्यामुळे घरं आधी ठरवा, व्हिसा मग, आणि घरं फुकट रद्द करता येणारीच घ्या. मालकाकडून कन्फर्मेशनवर प्रवास करणाऱ्या सगळ्यांची नावं आणि पूर्ण पत्ता लिहून घ्या, एकाच्याच नावावर बुकिंग असलं की बाकीच्यांचा अर्ज अडकतो.

पासपोर्टची माहिती स्पेनमध्ये कायद्यानेच द्यावी लागते, हॉटेल असो की घर. पण द्यायच्या आधी जाहिरातीत सरकारी नोंदणी क्रमांक आहे का बघा. १ जुलै २०२५ पासून स्पेनमध्ये ऑनलाइन भाड्याने देण्यासाठी राष्ट्रीय नोंदणी क्रमांक लागू झालाय. क्रमांक नसेल किंवा मालक म्हणत असेल की साइटच्या बाहेर पैसे पाठवा, तर कितीही गोड घर असो, सोडा.

चिडण्याबद्दल म्हणाल तर त्यांचं बरोबर आहे असं मला वाटतं. सान सेबास्तियानच्या जुन्या भागात, बिआरित्झमध्ये, तिथल्याच पोरांना भाड्याने घर मिळेनासं झालंय. फ्रान्सच्या बास्क भागातल्या २४ गावांत मार्च २०२३ पासून नियम आहे, कायमचं पर्यटकांना द्यायचं घर करायचं असेल तर मालकाने त्याच गावात तेवढीच दुसरी जागा राहण्यासाठी उपलब्ध करून द्यायची. म्हणून मी शहरात हॉटेल किंवा पेन्सिओन (छोटं गेस्टहाऊस) घेते आणि घर घ्यायचं ते गावात, जिथे मालक त्याच छपराखाली राहतो तिथे. भाड्याचे पैसे त्या शेताला लागतात, छप्पर दुरुस्त होतं.

फ्रान्सच्या बाजूला असं घर हवं तर आइनोआ, सार, एस्पलेत या गावांकडे बघा. पांढरी भिंत, लाल लाकूड, आणि दर्शनी बाजू पूर्वेला, कारण पाऊस पश्चिमेकडून समुद्रावरून येतो आणि घर त्याला पाठ दाखवून बसतं. सकाळचं ऊन हवं तर पुढची खोली मागा. आइनोआत दाराच्या वरच्या दगडावर घर बांधणाऱ्याचं नाव आणि साल कोरलेलं असतं, एस्पलेतला शरदात भिंतीभर लाल मिरच्या वाळत घातलेल्या. बस कमी आहेत, तेव्हा गाडी लागेल, आपल्या लायसन्सबरोबर इंटरनॅशनल परमिट इथूनच काढून न्या. गाडीशिवाय सीमा ओलांडायची तर सान सेबास्तियान ते आंदाय लोकल आहे, सारखी बोगद्यातून जाते म्हणून तिला टोपो म्हणतात, म्हणजे चिचुंद्रीसारखा जमीन पोखरणारा प्राणी. दिवसभर सुटत असते, आधी बुकिंग लागत नाही.