एकाच पेन्सिलीची लांबी तीनदा वेगळी येते, मग खरी कोणती?

तुम्ही विचारलंय की सातवीतल्या तुमच्या मुलीने एकच पेन्सिल मोजपट्टीने तीनदा मोजली. उत्तरं आली १४.२, १४.४ आणि १४.१ सेमी. तिने दोन आकडे खोडले आणि तिन्ही ठिकाणी १४.२ लिहिलं. खरी लांबी कोणती, आणि तिचं मोजायला चुकतंय का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून आधी कळकळीने एक सांगते: ते खोडलेले आकडे तिला परत लिहायला लावा. त्या प्रयोगात सगळ्यात मोलाची माहिती त्यांच्यातच होती. तिन्ही वाचनं अगदी सारखी असलेली वही पाहिली की मला शंका येते. वेगवेगळे आकडे असलेली वही पाहिली की वाटतं, या मुलीने खरोखर मोजलंय.

आता हा फरक येतो कुठून ते पाहू. साध्या पट्टीचं लघुतम माप १ मिलिमीटर असतं. म्हणजे त्याहून लहान फरक ती पट्टी दाखवू शकत नाही. पण तुमच्या मुलीच्या वाचनांत ३ मिलिमीटरचं अंतर आहे, त्यामुळे सगळा दोष पट्टीवर टाकता येणार नाही. पेन्सिल साधारण ७ मिलिमीटर जाड असते आणि तिचं टोक बरोबर मध्यावर असतं. पट्टीवर आडवी ठेवली की टोक खुणांपासून साडेतीन मिलिमीटर वर, अधांतरी राहतं. डोळा टोकाच्या बरोबर वर असेल तर वाचन ठीक येतं. तो थोडा उजवीकडे वा डावीकडे, म्हणजे नुसता १५ अंशांनी कलला, तरी टोक जवळजवळ १ मिलिमीटर सरकलेलं दिसतं. मूल बाकावर बसून तिरकं बघत असेल तर फरक आणखी वाढतो. यावर उपाय सोपा आहे. कंपासपेटीतला गुण्या पट्टीला टेकवून उभा धरायचा, त्याची उभी कड पेन्सिलीच्या टोकाला लावायची आणि ती कड पट्टीवर जिथे टेकते ती खूण वाचायची. एवढं केल्यावर तीन वाचनं किती जवळ येतात ते तिलाच पाहू द्या.

दुसरी गोष्ट पट्टीच्या सुरुवातीची. पट्टीचं टोक झिजलेलं असेल आणि शून्याची खूणच उरली नसेल, तर प्रत्येक वाचन तेवढ्याच फरकाने जास्त येणार. ही चूक वेगळ्या जातीची आहे आणि जास्त फसवी आहे, कारण शंभरदा मोजून सरासरी काढली तरी ती जात नाही. डोळ्याच्या जागेमुळे येणारा फरक कधी इकडे, कधी तिकडे पडतो, म्हणून सरासरीने तो कमी होतो. झिजलेली पट्टी मात्र नेहमी एकाच बाजूला ओढते. म्हणून पेन्सिलीचं मागचं टोक १ सेमीच्या खुणेवर ठेवायचं आणि वाचनातून १ वजा करायचा. पुढच्या वर्गांत व्हर्निअर कॅलिपर, म्हणजे मिलिमीटरहूनही बारीक मोजणारं साधन, हातात येतो, तेव्हा शून्यांक त्रुटी, म्हणजे काहीच मोजत नसताना ते शून्याऐवजी दुसरा आकडा दाखवतं का, हे तपासायला सांगतात. त्यामागचं कारणही हेच.

मग खरी लांबी किती? तिन्हींची सरासरी गणकयंत्रावर १४.२३३३ येते. ती तशीच वहीत उतरवू नये. मिलिमीटरच्या पट्टीने मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचं ज्ञान होऊ शकत नाही. ते शेवटचे तीन आकडे भागाकारातून आले, पेन्सिलीतून नाही. लिहायचं असं: १४.२ सेमी, एक-दोन मिलिमीटर कमी-जास्त. हे माझ्या मते पूर्ण उत्तर आहे, अर्धवट नाही. विज्ञानात मोठमोठी मापंही अशीच लिहितात. गुरुत्व स्थिरांक, म्हणजे दोन वस्तू एकमेकींना किती जोराने ओढतात ते काढायला लागणारा आकडा, इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिशच्या १७९८ च्या प्रयोगापासून मोजला जातोय आणि आजही तो ६.६७४३० × १०⁻¹¹ न्यूटन·मी²/किग्रॅ² असा, शेवटच्या दोन अंकांत १५ कमी-जास्त, अशा अनिश्चिततेसह दिला जातो. चांगल्या प्रयोगशाळांची उत्तरंही एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत, आणि कोणी ती खोडत नाही.

लांबीचं झालं, आता बाकीची मापं. वस्तुमानाबद्दल, म्हणजे वस्तूत द्रव्य किती आहे त्याबद्दल, थोडक्यात: तराजू वस्तुमानांची तुलना करतो, ताणकाटा (स्प्रिंगचा काटा) वजन म्हणजे गुरुत्वाकर्षणाची ओढ मोजतो. चंद्रावर तराजू तेच उत्तर देईल, ताणकाटा सुमारे एक षष्ठांश दाखवेल. मोजपात्रातलं पाणी वाचताना डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा आणि वक्र पृष्ठभागाचा तळ वाचायचा.

वेळेवर मात्र जरा थांबायला हवं, कारण मापनातली सगळ्यात सुंदर युक्ती तिथे सापडते. १ मीटर लांबीच्या दोलकाला, म्हणजे दोरीला टांगलेल्या गोळ्याला, एका आंदोलनाला (एकदा जाऊन परत यायला) जवळपास २ सेकंद लागतात. स्टॉपवॉच दाबताना बोट सुमारे ०.२ सेकंद मागेपुढे होतं. एकच आंदोलन मोजलं तर ही चूक दहा टक्के झाली. २० आंदोलनं सलग मोजून २० ने भागलं तर तीच ०.२ सेकंदांची चूक ४० सेकंदांत वाटली जाते आणि अर्ध्या टक्क्यावर येते. घड्याळ तेच आणि बोटही तेच, तरी माप वीसपट चांगलं. कागदाची जाडीही अशीच काढता येते. ४०० पानी पुस्तकात २०० कागद असतात. मुखपृष्ठ सोडून गठ्ठा १६ मिलिमीटर भरला, तर एक कागद ०.०८ मिलिमीटर जाडीचा, आणि तोही साध्या पट्टीने मोजलेला! ही युक्ती कळल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, त्यासाठी मला हा धडा फार आवडतो.

दोलकाच्या बाबतीत दोन गोष्टी जपायच्या. घड्याळ सुरू करताना 'शून्य' म्हणायचं. 'एक' म्हणून सुरुवात केली की २० ऐवजी १९ च आंदोलनं मोजली जातात. आणि दोरीची लांबी टांगलेल्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची, गाठीपर्यंत नाही. गोळा फार लांब ओढू नका, थोडासाच झोका पुरे.

परीक्षेत गुण जातील का, अशी काळजी तुमच्या प्रश्नात दिसली. एकक लिहिलं नाही तर गुण जातात, आणि ते जायलाच हवेत, कारण नुसत्या १४.२ ला काही अर्थ नाही. वाचनं वेगळी आली म्हणून मात्र मी कधीच गुण कापत नाही. तीन वाचनं, सरासरी, एकक आणि फरक का आला याची एक ओळ, एवढं वहीत असलं की मला पुरतं.

सुट्टीच्या दिवशी तिला दोन दोलक बांधून द्या, एक २५ सेमीचा आणि एक १ मीटरचा. प्रत्येकाची २० आंदोलनं तीनदा मोजून तक्ता करायला सांगा. पहिल्याचे आकडे २० सेकंदांच्या आसपास येतील, दुसऱ्याचे ४० च्या. लांबी चौपट झाल्यावर वेळ दुप्पटच का होते, हे तुम्ही आधी सांगू नका. तक्ता पूर्ण झाला की तीच येऊन विचारेल.