एआय सहायक विकून पोट भरेल का?

नमस्कार,

तुमची मुलगी संगणकाच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अभ्यासाचं वेळापत्रक आखणारा, मुलाखतीची तयारी करून घेणारा, अर्ज लिहून देणारा असे बरेच एआय सहायक तिने बनवले आणि सगळ्यांसाठी खुले केले. लोक येतात, दोन प्रश्न विचारतात आणि जातात. पैसे कुणी देत नाही. तरी तिला यातच कमवायचं आहे, त्यासाठी कॉलेज सोडायचीही तिची तयारी आहे, आणि ‘घरबसल्या दरमहा उत्पन्न’ असं सांगणाऱ्या एका महागड्या कोर्ससाठी ती तुमच्याकडे पैसे मागते आहे. तुम्ही स्वतः बरीच वर्षं निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करता. ‘मला यातलं काही कळत नाही, मी काय करू?’ असं तुम्ही लिहिलं आहे.

आधी सरळ उत्तर देतो. कोर्सला पैसे देऊ नका आणि कॉलेज सोडू देऊ नका. पण तिला या कामापासून दूरही करू नका. यात कमाई होऊ शकते. फक्त ती ज्या बाजूने निघाली आहे त्या बाजूने ती होण्याची शक्यता फार कमी आहे. आणि ‘मला यातलं काही कळत नाही’ हे तुमचं वाक्य मला मान्य नाही. त्याकडे पुढे येतो.

तिचे सहायक वाईट आहेत म्हणून विकले जात नाहीत, असं मी समजत नाही. ते बनवायला फार थोडं लागतं, ही खरी अडचण आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने कोड न लिहिता स्वतःचा जीपीटी, म्हणजे खास सूचना देऊन एका कामापुरता घडवलेला सहायक, बनवायची सोय दिली. जानेवारी 2024 मध्ये त्यांचं स्टोअर उघडलं तेव्हा, कंपनीच्याच म्हणण्यानुसार, लोकांनी 30 लाखांहून जास्त जीपीटी बनवलेले होते. वापराच्या प्रमाणात निर्मात्यांना पैसे द्यायची घोषणाही तेव्हा झाली, पण सुरुवात फक्त अमेरिकेतल्या निर्मात्यांपासून होणार होती. एवढ्या गर्दीत मुलाखतीची तयारी करून घेणारा आणखी एक सहायक कोण शोधणार? त्यात हे काम या सहायकांमागचं मूळ एआय मॉडेल कुठल्याही खास सूचनेशिवायही बऱ्यापैकी करतं. मग तिच्या सहायकासाठी वेगळे पैसे का मोजावेत, या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नाही. तिने लिहिलेल्या सूचना गुप्त राहतील हीसुद्धा आशा नको. सुरुवातीच्या अनेक जीपीटींकडून त्यांच्या सूचना आणि त्यांना दिलेल्या फायली लोकांनी नुसतं हुशारीने विचारून काढून घेतल्या होत्या.

आता तुमच्या कामाकडे येऊ. एलसीवर (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेले कागद दिले की निर्यातदाराला पैसे देण्याची बँकेची लेखी हमी) माल पाठवला की पैसे कागदांवर मिळतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण मुलीला कदाचित कुणी नीट सांगितलेलं नसेल, म्हणून थोडं लिहितो; हे तिलाही वाचायला द्या. बँक माल बघत नाही, कागद बघते. इन्व्हॉइस, बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढवल्याचा कागद), पॅकिंग लिस्ट, विम्याचा कागद, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कुठल्या देशातला याचा दाखला), हे सगळं एलसीशी आणि एकमेकांशी जुळायला हवं. त्याचे नियम यूसीपी 600 या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत आहेत, 1 जुलै 2007 पासून लागू, एकूण 39 कलमं. इन्व्हॉइसवरचं मालाचं वर्णन एलसीतल्या वर्णनाशी जुळलं पाहिजे. बाकीच्या कागदांवर ते ढोबळ असलं तरी चालतं, विसंगत नसलं म्हणजे झालं. एलसीत वेगळं काही म्हटलेलं नसेल तर माल चढवल्यापासून 21 दिवसांच्या आत कागद बँकेत गेले पाहिजेत, आणि एलसीची मुदतही संपलेली नको. बँकेला छाननीसाठी जास्तीत जास्त पाच कामाचे दिवस मिळतात. यात पारखायच्या बारीक गोष्टी किती असतात बघा. ‘मशीन’ या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर चुकलं आणि अर्थ बदलत नसेल, तर ती डिस्क्रिपन्सी, म्हणजे पैसे अडवणारी विसंगती, धरली जात नाही. पण मॉडेल नंबर 321 च्या जागी 123 पडला, तर धरली जाते. दोन्ही टायपिंगच्याच चुका. एकीत पैसे मिळतात, दुसरीत अडकतात.

हा फरक तुमच्या नजरेत आहे. कुठल्या एलसीत कुठलं कलम पुढे त्रास देणार, कुठला कागद सगळ्यात उशिरा हातात येतो, ग्राहकाला एलसी दुरुस्त करायला कधी सांगायचं, यातलं निम्मं कुठे लिहिलेलंही नसेल. तुमची मुलगी जे विकू शकेल ते हे आहे. एआय मॉडेल तिच्यासारख्या लाखो जणांकडे आहे. ते मॉडेल कुठे चुकतंय हे बघताक्षणी ओळखणारा माणूस तिच्या घरात आहे, आणि तो फार थोड्यांकडे असतो.

म्हणून तिने एकच सहायक बनवावा: एलसी आणि कागदांचा संच दिला की संभाव्य विसंगती दाखवणारा. कोणत्या कागदावर, कोणत्या ओळीत, कोणत्या अटीशी न जुळणारं काय आहे, एवढंच त्याने सांगावं. ‘कागद बरोबर आहेत’ असा निकाल त्याने कधीच देऊ नये, निर्णय माणसाचा. बेरजा, वजनं, तारखांची मोजदाद हे मॉडेलवर सोपवू नये, साध्या प्रोग्रॅमकडून करून घ्यावं, कारण हिशेबात मॉडेल आत्मविश्वासाने चुकतं. इथे तिची पदवी उपयोगी पडते. डेटाबेस, प्रोग्रॅमची चाचणी, सुरक्षितता हे विषय ती कॉलेजात शिकते आहे. कोर्स विकणारे ते शिकवत बसत नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ चाचणीला द्यावा लागेल, आणि नेमकं तेच नवीन मुलं टाळतात. कागदांचे पन्नासएक नमुना संच तयार करा. चुका तुम्ही मुद्दाम पेरा, कुठल्या पेरल्या याची यादी तुमच्याजवळ ठेवा, आणि तिचा सहायक त्यातल्या किती पकडतो ते बघा. सुटलेली चूक आणि नसलेली चूक दाखवणं, दोन्ही वेगळे मोजा. चूक सुटली तर ग्राहकाचे पैसे अडकतात. खोटे इशारे फार आले तर लोक इशारे वाचायचंच सोडतात. मॉडेल बनवणाऱ्या कंपन्या जुनी मॉडेल्स बंद करून नवी आणतात. प्रत्येक बदलानंतर हीच चाचणी पुन्हा करावी लागेल, कारण काल नीट चालणारी सूचना आज वेगळं उत्तर देऊ शकते. ग्राहक महिन्याचे पैसे देतो ते या राखणीसाठी. एकदा बनवलं आणि झोपेत पैसे येत राहिले, असं हे काम नाही.

नमुना संच म्हणालो, ते विचार करून. तुमच्या ऑफिसातले खरे कागद तिला देऊ नका. त्यावर ग्राहकांची नावं आहेत, भाव आहेत. ते तुमच्या मालकीचे नाहीत, आणि ते एखाद्या एआय सेवेत चढवले तर तुमची नोकरी जाऊ शकते. तुमच्या ऑफिसात या कामाची माहिती आधी द्या, लेखी परवानगी मिळाली तरच पुढचं. यूसीपीचं पुस्तकही जसंच्या तसं सहायकात घालून विकता येणार नाही. त्याचे हक्क इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सकडे आहेत. तपासणीचे मुद्दे तुम्ही दोघांनी आपल्या शब्दांत लिहा.

पहिला ग्राहक स्टोअरमध्ये शोधू नका. तुमच्या ओळखीच्या, पण तुमच्या मालकाशी स्पर्धा नसलेल्या एखाद्या छोट्या निर्यातदाराकडे तिने जावं आणि त्याच्या माणसाशेजारी बसून तो काम कसं करतो ते बघावं. सुरुवातीला बसवून देण्याचे एकदाच आणि नंतर देखभालीचे दरमहा, असा व्यवहार ठेवावा. दर ठरवताना एक गोष्ट तिने नीट समजून घ्यावी. मॉडेलचा खर्च टोकनवर, म्हणजे मजकुराच्या छोट्या तुकड्यांच्या संख्येवर असतो, आत जाणारा मजकूर आणि बाहेर येणारा मजकूर दोन्हींवर. संभाषणात प्रत्येक नव्या प्रश्नाबरोबर आधीचं सगळं बोलणं पुन्हा पाठवलं जातं, त्यामुळे लांबत गेलेली चर्चा महाग पडते, आणि त्यात जाडजूड कागद असतील तर जास्तच. ठरावीक मासिक रकमेत ‘हवं तेवढं वापरा’ म्हटलं, तर सगळ्यात जास्त वापरणारा ग्राहकच तोट्यात नेतो. महिन्याला किती संच तपासले जातील याची मर्यादा करारातच घालावी.

जबाबदारी हा विषय तिला आज दूरचा वाटेल, पण तो पहिल्याच व्यवहारात येतो. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला घरच्या माणसाच्या मृत्यूनंतर मिळणाऱ्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. चॅटबॉट स्वतःच्या वागण्याला स्वतः जबाबदार आहे, अशा अर्थाचा बचाव कंपनीने केला. फेब्रुवारी 2024 मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. सहायक काय करतो, काय करत नाही आणि शेवटची तपासणी कुणाची, हे तिने पहिल्या ग्राहकाला लिहूनच द्यावं, आणि करार एखाद्या वकिलाला दाखवावा.

पदवीला अजून वेळ आहे. तोवर एक सहायक, एक-दोन खरे ग्राहक आणि चाचणीची नीट ठेवलेली वही एवढं झालं, तरी मला ते भरपूर वाटेल. धंदा उभा राहिला तर उत्तमच. नाही राहिला तरी ती वही घेऊन ती नोकरीच्या मुलाखतीला जाऊ शकते. एआय वापरायला सुरुवात केलेल्या कंपन्यांना ‘हे बरोबर चालतंय का’ हे तपासून सांगणारी माणसं लागतात, आणि तिने ते प्रत्यक्ष केलेलं असेल. तुमचं क्षेत्र तिला अजिबात रुचत नसेल, तर जबरदस्ती करू नका. मग तिच्या आवडीचं एखादं काम आणि ते वर्षानुवर्षं करणारं माणूस, असं दोन्ही तिने शोधावं. हे माणूस मिळेपर्यंत नवा सहायक बनवू नये.

कोर्ससाठी जी रक्कम तुम्ही बाजूला काढली आहे, तिच्यातला थोडा भाग तिला मॉडेलच्या वापरासाठी द्या. प्रोग्रॅममध्ये एखादी चूक राहिली तर तो रात्रभर चालत राहून मोठं बिल करू शकतो, म्हणून आगाऊ भरलेले पैसे संपले की वापर थांबेल अशी सेवा निवडायला तिला सांगा. आणि आठवड्यातले दोन संध्याकाळचे तास तिच्यासाठी राखून ठेवा. पहिल्या बैठकीत संगणक उघडू नका. एखादा नमुना एलसी टेबलावर ठेवा आणि तुम्ही तो कसा वाचता, ते मोठ्याने बोलत वाचून दाखवा. तिला लिहून घेऊ दे, मध्ये मध्ये अडवून विचारू दे.