तिसरा वाटा मुद्दलाचा

डिचोली, गोवा

प्रिय बाय,

तुझं पत्र मिळालं. बाबांना निवृत्तीचे ३६ लाख आले आणि घरात प्रत्येकाचं वेगळं मत. बाबांना सगळे पैसे पोस्टात टाकून व्याजावर निवांत बसायचंय. तुझा भाऊ म्हणतो, पर्वरीला फ्लॅट घेऊ आणि पर्यटकांना भाड्यानं देऊ. बाबांचे मित्र दहा टक्के देणाऱ्या कुठल्याशा पतसंस्थेचं नाव घेतात. तू वेर्णेतली नोकरी बदलतेयस, म्हणून तुझा पीएफ काढून त्या फ्लॅटला हातभार लावावा असं तुझ्या मनात आहे. आणि शेवटी विचारतेस, ‘नाना, महिन्याला जास्तीत जास्त किती मिळतील?’

बाय, हा प्रश्न चुकीचा आहे. पहिल्या महिन्यात किती मिळतील हे कोणीही सांगेल. पंचविसाव्या वर्षी त्या पैशांत काय येईल, हे तू विचारायला हवं होतंस. तू हिशेबात हुशार आहेस, म्हणून मला जास्त राग आला.

काटकसर करावी, म्हातारपणी कोणापुढे हात पसरू नये, असलं काही मी तुला लिहिणार नाही. ते तुमच्या घरात आहेच. मी एकच गोष्ट सांगणार आहे आणि पत्र संपेपर्यंत तीच सांगणार आहे : व्याज सगळं खायचं नाही. तिसरा वाटा मुद्दलाचा.

आधी वयाचं बघ. बाबा साठ वर्षांचे, आई त्रेपन्नची. घरात सगळे बोलतात ते बाबांच्या निवृत्तीबद्दल. पण हे पैसे खऱ्या अर्थानं आईचे आहेत, कारण बहुतेक तीच मागे राहणार. तिला नव्वदी गाठायची तर सदतीस वर्षं आहेत. वीस नाहीत, सदतीस. महागाई सहा टक्क्यांनी वाढली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो, चोवीस वर्षांत चौपट, छत्तिसाव्या वर्षी आठपट. आज तुमचं घर महिन्याला ३० हजारांत चालतंय ना? मग आईच्या नव्वदीला त्याच बांगडा-मासळीला, त्याच नारळांना आणि चतुर्थीला गणपतीवर बांधायच्या त्याच माटोळीच्या सामानाला किती लागतील, ते तूच मांड. औषधं मी धरलेलीच नाहीत.

आता बाबांची योजना. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्या ८.२ टक्के मिळतात आणि मर्यादा ३० लाखांची आहे. म्हणजे दर तीन महिन्यांनी साडेएकसष्ट हजार हातात, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी. ठेवायची जागा म्हणून माझी काही हरकत नाही, उलट मीच ती सुचवली असती. पण ते साडेएकसष्ट हजार दहा वर्षांनीही साडेएकसष्ट हजारच राहणार, आणि व्याजदर उतरला तर तेवढेही नाहीत. बाबांचं ईपीएसचं, म्हणजे पीएफबरोबर येणारं पेन्शन चार हजारांच्या आसपास आहे म्हणालीस. त्यालाही महागाई भत्ता नाही, आकडा एकदा ठरला की ठरला. म्हणजे दोन्हीकडून येणारं उत्पन्न जागच्या जागी आणि खर्च मात्र चालता. रिझर्व्ह बँकेचं उद्दिष्टसुद्धा महागाई शून्य ठेवण्याचं नाही, ४ टक्के ठेवण्याचं आहे. म्हणजे सगळं अगदी सुरळीत चाललं तरी त्या ८.२ मधले निम्मे टक्के हे उत्पन्न नाहीच, ती मुद्दलाची झीज भरून काढणारी रक्कम आहे. ते खाल्लं की मुद्दल खाल्लं. पासबुकात आकडा तोच दिसतो, म्हणून कळत नाही एवढंच.

कुळागर, म्हणजे पोफळीची बाग असलेल्या घरात हे कोणाला समजवावं लागत नाही. सुपारी विकून पैसे आले की त्यातून आधी नवी रोपं, खत आणि पाटाची डागडुजी. उरेल त्यात संसार. रोपं न लावताही पंधरा वर्षं पीक येतंच, आणि मग एके वर्षी सगळ्या पोफळी एकदम म्हाताऱ्या झालेल्या दिसतात.

खरं तर निम्मं परत टाकायला हवं. ते कोणाला जमत नाही, मलाही जमलं नसतं. म्हणून तिसरा वाटा.

माझं सांगतो. २००८ साली मी खाण कंपनीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालो. १५ लाख ज्येष्ठांच्या योजनेत टाकले, तेव्हा मर्यादाही तेवढीच होती आणि दर ९ टक्के. तिमाहीला ३३,७५० रुपये. पहिल्याच तिमाहीला त्यातले ११,२५० बाजूला काढले आणि बाकीच्यात घर चालवलं, महिन्याला साडेसात हजार. माझ्याच बरोबर निवृत्त झालेले, तेवढेच पैसे घेऊन बाहेर पडलेले लोक सव्वाअकरा हजार खर्चत होते. मी कंजूस ठरलो. तोंडावर म्हणायचे.

२०२१ साली नव्यानं खातं उघडायची वेळ आली तेव्हा दर ७.४ वर उतरला होता. ज्यांनी सगळं व्याज खाल्लं त्यांचं मुद्दल १५ लाखच होतं, म्हणजे महिन्याला ९,२५०. तेरा वर्षांनी दोन हजार कमी, आणि बाजारात प्रत्येक वस्तू वर चढलेली. माझ्याकडे बाजूला काढलेले वाटे धरून २४ लाखांच्या आसपास होते. तिसरा वाटा काढूनही मी महिन्याला साडेनऊ-दहा हजार खर्चू शकत होतो. महागाईला पुरं पडलं असं मी म्हणत नाही. पण माझा आकडा चढत होता आणि त्यांचा उतरत होता, आणि म्हातारपणात त्या फरकाला काय किंमत असते ते मी पाहिलं आहे.

धाकट्या भावाला मात्र मी हे पटवू शकलो नाही, आणि ते मला अजून लागतं. तू लहान होतीस, तरी रस्त्यानं धुरळा उडवत जाणारे ट्रक तुला आठवत असतील. चीनला खनिज जात होतं, डिचोली-सत्तरी-सांगेत ज्याला त्याला ट्रक हवा होता. भावानं कर्जावर ट्रक घेतले. भाडं उत्तम मिळायचं. मी त्याला म्हटलं, ट्रक रोज झिजतोय, भाड्यातला तिसरा वाटा बाजूला काढ. तो म्हणाला, दादा, तुझं ते कारकुनी गणित. घराला मजला चढला, गाडी आली. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. मधे थोड्या चालल्या, २०१८ च्या मार्चमध्ये परत बंद. ट्रक दारात उभे आणि हप्ते चालू. खाणी बंद होणं त्याच्या हातात नव्हतं. पण पाच-सहा वर्षांच्या भाड्यातला तिसरा वाटा असता तर कर्ज तरी फिटलं असतं. मी एकदा सांगून गप्प बसलो, मोठेपणाचा मान ठेवून. तुला म्हणून पुन्हा पुन्हा सांगतोय, कंटाळा आला तरी वाच.

फ्लॅटचं थोडक्यात. तुझ्या भावाला म्हणावं, भाड्याला फ्लॅटच्या किमतीनं भाग आणि मग माझ्याशी बोल. ६० लाखांच्या फ्लॅटला महिन्याला १५ हजार भाडं म्हणजे वर्षाला तीन टक्के, तेही एकही महिना रिकामा न जाता. गोव्याच्या पावसात भिंती दर दोन वर्षांनी रंग मागतात. सोसायटीची देखभाल, लिफ्ट, घरपट्टी. पर्यटक २०२० साली अचानक बंद झाले ते आठव. भाड्यातलाही तिसरा वाटा मुद्दलाचाच, मग उरतं काय? शिवाय ३६ लाखांत ६० लाखांचा फ्लॅट म्हणजे साठाव्या वर्षी बाबांच्या डोक्यावर कर्ज. नाही. हा विषय संपला.

पतसंस्थेचं त्याहून थोडक्यात. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेच्या ठेवीला तेही नसतं. म्हापशातल्या एका सहकारी बँकेचा परवाना २०२० साली रद्द झाला तेव्हा लोकांचा जीव कसा टांगणीला लागला होता ते आपण शेजारून पाहिलं. जास्तीच्या पावणेदोन टक्क्यांसाठी आईचा आधार पणाला लावायचा नाही.

मग करायचं काय ते सांगतो. ३० लाख ज्येष्ठांच्या योजनेत. सहा लाख चांगल्या बँकेत मुदत ठेवीत, आजारपण आणि घराच्या छपरासाठी. ते उत्पन्नात धरायचे नाहीत. तिमाहीच्या साडेएकसष्ट हजारांतले साडेवीस हजार मुद्दलाचे. उरलेले ४१ हजार आणि पेन्शन, म्हणजे महिन्याला साडेसतरा हजारांच्या घरात. तीस हजारांच्या घराला ते अपुरे आहेत, मला दिसतंय. बाबा अजून धडधाकट आहेत, औद्योगिक वसाहतीत अर्धवेळ कामाची माणसं लागतात. चार-पाच वर्षं काही कमावलं तर बिघडणार नाही, आणि तूही घरात देतेसच. आत्ता अंगात बळ असताना कमी पडलेलं भरून काढता येतं, सत्तराव्या वर्षी नाही. म्हणून ओढाताण आत्ता सोसायची आणि तिसऱ्या वाट्याला हात लावायचा नाही.

एक बारीक गोष्ट लोक विसरतात. या योजनेत व्याज न उचलता तसंच ठेवलं तर त्यावर व्याज मिळत नाही, आणि त्याच खात्यात भरही घालता येत नाही. म्हणून तो वाटा हलवलाच पाहिजे. पहिली दोन वर्षं आवर्ती ठेवीत टाका. पुढे शेअर बाजाराच्या निफ्टी निर्देशांकाबरोबर चालणाऱ्या साध्या इंडेक्स फंडात. बाबा घाबरतील. त्यांना सांग की २०२० च्या जानेवारीत बारा हजारांच्या वर असलेला निफ्टी मार्चमध्ये साडेसात हजारांपर्यंत कोसळला होता, तेव्हा माझेही पैसे त्यात होते. मी काही विकलं नाही, कारण मासळी बाजाराचे पैसे त्यात नव्हते. जो पैसा पंधरा वर्षांनी आईला लागणार आहे त्यानं मधे वर-खाली केलं तर करू दे.

आता तू. पीएफ काढायचा नाही. नव्या कंपनीच्या खात्यात वर्ग करून घे, नोकरी बदलली तरी कायम राहणाऱ्या त्याच यूएएन क्रमांकाखाली. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते आणि पेन्शनच्या हिश्श्याचे पैसे काढून घेतलेस की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ते पेन्शन तुटपुंजं आहे हे खरं. १५ हजारांची वेतनमर्यादा धरून तीस वर्षांच्या नोकरीला सात हजारांच्या आत येतं. पण पीएफचं मुद्दल बघ. तिथं सव्वाआठ टक्के मिळतंय आणि त्यातलं तू काहीच खात नाहीस, सगळं परत आत जातंय. तू एकोणतीस वर्षांची आहेस. तिसरा वाटा सोड, आज तुझे तिन्ही वाटे मुद्दलाचे आहेत, आणि तू ते पर्वरीच्या फ्लॅटला द्यायला निघालीस!

या सगळ्याचा त्रास होत नाही असं मी म्हणणार नाही. हिला काशीला जायचं होतं. मी दर वर्षी म्हणायचो, आपल्या दोन वाट्यांतून साठलं की जाऊ. गेलो तेव्हा तिचे गुडघे घाट उतरू देईनात, ती वरच्या पायरीवर बसून राहिली. ती अजून म्हणते, ‘तुमच्या त्या तिसऱ्या वाट्यानं माझी काशी नेली.’ त्याची रुखरुख मला आहे आणि ती जाणार नाही. पण पुढे त्याच गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, ते त्या वाट्यातून झालं. मुलगा पैसे द्यायला तयार होता, मी घेतले नाहीत, आणि आज ती स्वतःच्या पायांनी शिरगावच्या जत्रेला जाते. काशी आधी करून गुडघे मुलावर टाकले असते तर बरं झालं असतं का? ती हो म्हणते. मी नाही म्हणतो. तू आमच्यात न्याय करू नकोस, फक्त बाबा आणि आईचं ठरवताना आईलाही विचार. दोन वाट्यांतला एक खर्च तिच्या मनाचा असू दे आणि तो पहिल्या वर्षीच होऊ दे.

सोमवारी बाबांना पोस्टात घेऊन जा. आधार, पॅन, फोटो, निवृत्तीची कागदपत्रं. खातं आईबरोबर संयुक्त उघडा. बचत खात्यावर आवर्ती ठेवीची सूचना त्याच दिवशी बँकेत लिहून द्या, ‘पुढच्या तिमाहीपासून’ असं बाबा म्हणाले तर ऐकू नकोस. पीएफ वर्ग करायचा अर्ज ऑनलाइन होतो, पण जुन्या कंपनीनं तुझी नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे ना ते आधी बघ, नाहीतर तो अडकतो. आणि भावाला शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे पाठव, कागद-पेन्सिल घेऊन.

तुझे,
नाना