टॅलीच्या मशिनमध्येच राऊटर टाकू का?

प्रश्न : नमस्कार सर, सांगली मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. ऑफिसात १४ कॉम्प्युटर, २०० एमबीपीएसची फायबर लाईन आणि एक जुना राऊटर, जो सौदे जोरात असले की हमखास हँग होतो. दुकानदार म्हणतो मोठा राऊटर घ्या. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो काका कशाला पैसे घालवताय, टॅलीच्या सर्व्हरवर व्हर्च्युअल राऊटर, म्हणजे सॉफ्टवेअरचा राऊटर, टाकून देतो, फुकटात. कुणाचं ऐकू?

— एक अडत व्यापारी, सांगली

उत्तर : पुतण्याचं ऐका काका, पण अर्धंच.

राऊटरचा डबा म्हणजे आत एक बारका कॉम्प्युटरच असतो, त्यात बऱ्याचदा लिनक्सच चालू असतं. पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, आलं, कुठं जायचंय बघितलं, पुढं ढकललं. तेच काम पीएफसेन्स, ओपीएनसेन्स, व्हायओएस ही सॉफ्टवेअरं साध्या पीसीवर करतात आणि २०० एमबीपीएस म्हणजे जुन्या आय३ ला पण किरकोळ आहे. तुमचा डबा बहुतेक मेमरी कमी पडून बसतोय, कारण १४ कॉम्प्युटर नुसते नाहीत, हमालापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळ्यांचे मोबाईल पण त्याच वायफायवर असणार. खास हार्डवेअर लागतं ते इंटरनेट कंपन्यांना. १ जीबीपीएसची एक लाईन ६४ बाईटच्या बारक्या पॅकेटनी भरली तर सेकंदाला १४.८८ लाख पॅकेट होतात, अशा डझनभर लाईनी आल्या की तिथं त्याच कामाची चिप पाहिजे. शेतकऱ्याची पट्टी काढायला नको.

आता उरलेलं अर्धं. टॅलीच्या मशिनवर मात्र अजिबात टाकू नका. विंडोजनं अपडेट मागितलं, मशिन रिस्टार्ट झालं की अख्ख्या ऑफिसचं नेट गेलं, आणि ज्या पेटीत हिशेब आहे तिलाच बाहेरच्या इंटरनेटची वायर जोडायची हे मला तरी पटत नाही. वेगळी पेटी घ्या, दोन लॅन पोर्टवाली. पोर्ट इंटेलचे असले तर बरं, पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स दोन्ही फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतात आणि तिथं रिअलटेकची कार्डं कधीकधी रुसतात. माळ्यावरचा जुना डेस्कटॉप चालेल, पण तो ७० वॅट खात असेल तर महिन्याला ५० युनिट झाले, १२ वॅटचा मिनी पीसी ९ युनिटच्या आत भागवतो. म्हणजे फुकटचं लाईटबिलात निघतं. वायफायला जुना डबाच वापरा, त्यातलं डीएचसीपी (कॉम्प्युटरना आयपी पत्ते वाटणारी सोय) बंद करून वायर त्याच्या लॅन पोर्टात घाला.

पुतण्याला व्हर्च्युअलच करायचं असेल तर प्रॉक्समॉक्स (एकाच पेटीत अनेक व्हर्च्युअल कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकू दे, पण राऊटरच्या व्हीएमला, म्हणजे त्या व्हर्च्युअल कॉम्प्युटरला, ‘स्टार्ट ॲट बूट’ची टिक लावलीय का ते स्वतः डोळ्यांनी बघा. मी एकदा विसरलो होतो, विश्रामबागेत एका ओळखीच्यांकडं. रात्री लाईट गेली आणि आली, पेटी चालू झाली पण आतला राऊटर झोपलेलाच, आयपी वाटणाराच झोपलाय म्हटल्यावर माझ्या लॅपटॉपला पण आयपी मिळेना, शेवटी मॉनिटर आणि कीबोर्ड काखेत मारून जिना चढलो. टिक एक, हेलपाटा अर्ध्या दिवसाचा! प्रॉक्समॉक्सचा स्वतःचा आयपी म्हणूनच स्टॅटिक, म्हणजे कायमचा ठरलेला, ठेवायचा आणि वहीत लिहून ठेवायचा.

आणि कॉन्फिगची, म्हणजे राऊटरच्या सगळ्या सेटिंगची, फाईल बाहेर कुठंतरी, ड्राईव्हवर वगैरे, ठेवा. २०१९ च्या पुरानंतर हे सांगलीकराला वेगळं सांगायला नको. पेटी पाण्यात गेली तरी फाईल हातात असली की दुसऱ्या पीसीवर तोच राऊटर तासाभरात उभा राहतो, पोर्टांची नावं तेवढी नव्यानं जुळवावी लागतात. पुतण्या पुण्याला नोकरीला गेला की हे कोण बघणार, ते मात्र त्यालाच आत्ता विचारा.

प्रश्न : सर, नेटवर्किंग शिकायला लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये मायक्रोटिक कंपनीचा सीएचआर हा व्हर्च्युअल राऊटर टाकलाय, पण स्पीड १ एमबीपीएसच्या वर जातच नाही. लॅपटॉप खराब आहे का?

— एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : लॅपटॉप ठणठणीत आहे ताई, ते फुकट लायसन्सचं बंधन आहे, प्रत्येक इंटरफेसवर बाहेर जाणारा डेटा १ एमबीपीएसला अडवतात. मायक्रोटिकच्या साईटवर अकाउंट काढलं तर ६० दिवसांचं ट्रायल मिळतं, त्यात पूर्ण वेग बघता येतो. पण शिकायला १ एमबीपीएस भरपूर झालं, ओएसपीएफ, बीजीपी (राऊटर एकमेकांना रस्ते कळवतात त्या पद्धती) यांचे निरोप असतातच केवढेसे. तीन-चार सीएचआर एकमेकांना जोडा, मधली एक लिंक तोडा आणि रूट कसा वळतो ते बघत बसा.