गाठ काढली, मग पाच वर्षं गोळी कशाला?

प्रश्न: माझी आई ४७ वर्षांची. तिच्या छातीतली कॅन्सरची गाठ काढली, रिपोर्टवर ‘ईआर पॉझिटिव्ह’ आणि ‘केआय-६७ १२ टक्के’ असं आलंय. आता टॅमॉक्सिफेन २० मिलिग्रॅम, रोज एक, पाच वर्षं. आईला अंगातून गरम वाफा येतात, रात्री घामाने जाग येते, आणि मावशी म्हणते गाठ गेली ना, मग गोळ्या कशाला खातेस? ही गोळी नक्की करते काय? (एक वाचक, फोंडा)

उत्तर: ताई, आधी सरळ सांगते, गोळी बंद करू देऊ नका.

ईआर म्हणजे इस्ट्रोजन रिसेप्टर. इस्ट्रोजन हे बाईच्या शरीरातलं हार्मोन, आणि रिसेप्टर म्हणजे त्याचा निरोप पकडणारं पेशीतलं प्रोटीन. बरेचसे रिसेप्टर पेशीच्या बाहेरच्या आवरणावर असतात आणि त्यांचा निरोप एका प्रोटीनकडून दुसऱ्याकडे असा करत करत आत जातो. इस्ट्रोजनचं तसं नाही, ते आवरणातून थेट आत शिरतं आणि त्याचा रिसेप्टर बहुतेक करून केंद्रकातच बसलेला असतो, आणि हा रिसेप्टर स्वतःच ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर आहे, म्हणजे डीएनएवर ठरावीक जागी बसून कुठला जीन चालू करायचा ते ठरवणारं प्रोटीन. इस्ट्रोजन चिकटलं की दोन रिसेप्टर जोडीने डीएनएवर बसतात, मदतनीस प्रोटीन बोलावतात, आणि मिक, सायक्लिन डी-१ असे वाढीचे जीन चालू होतात. आता सायक्लिन डी-१ काय करतं, तर सीडीके-४ आणि ६ या एन्झाइमांना कामाला लावतं, ती आरबी नावाच्या प्रोटीनवर फॉस्फेट चढवतात. आरबीने एरवी ई-टू-एफ हा दुसरा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर धरून ठेवलेला असतो. फॉस्फेट चढलं की पकड सुटते, ई-टू-एफ मोकळा होतो, डीएनएची कॉपी काढायचे जीन चालू होतात आणि पेशी दुभंगायच्या वाटेला लागते. स्तनाच्या साधारण चारातल्या तीन कॅन्सरमध्ये हा रिसेप्टर सापडतो, म्हणून तर रिपोर्टमध्ये तो आवर्जून तपासतात.

टॅमॉक्सिफेन १९६२ मध्ये डोरा रिचर्डसन यांनी बनवलं, तेव्हा शोध गर्भनिरोधकाचा चालला होता. ते रिसेप्टरमधल्या इस्ट्रोजनच्याच खाचेत जाऊन बसतं. कदंब बसमध्ये सीटवर कोणी रुमाल टाकून ठेवला की दुसऱ्याला बसता येत नाही, तसंच. रिसेप्टर डीएनएवर जातो पण त्याचा एक तुकडा असा वळतो की मदतनीस प्रोटीनांना धरायला जागाच उरत नाही, पुढचं सगळं अडतं आणि पेशी दुभंगायच्या आधीच थांबते.

थांबते, पण मरतेच असं नाही, आणि मावशींना नेमकं हेच समजावून सांगा. ऑपरेशननंतर कुठल्याही स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या पेशी शरीरात राहिलेल्या असू शकतात, गोळी त्यांच्यासाठी आहे. पाच वर्षं नीट घेतली तर पुढच्या काळातला या कॅन्सरने मृत्यूचा धोका साधारण एक तृतीयांशाने कमी होतो, आणि हा फायदा गोळी संपल्यावरही बरीच वर्षं टिकतो.

गरम वाफा येतात कारण मेंदूतल्या इस्ट्रोजनचंही काम अडतं. त्रास आहे, सोसत बसायची गरज नाही, त्यावर औषधं मिळतात, पण ती कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. डिप्रेशनची काही औषधं वाफांवरही देतात, त्यातली पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन इथे नकोत, कारण यकृत टॅमॉक्सिफेनपासून जो खरा जोरकस पदार्थ बनवतं तो त्यांच्यामुळे कमी बनतो. गर्भाशयात मदतनीस प्रोटीनांचं मिश्रण वेगळं, त्यामुळे तिथे हीच गोळी अस्तराची वाढ करू शकते. शिवाय या गोळीने क्वचित रक्ताची गुठळीही होऊ शकते. म्हणून पाळीव्यतिरिक्त रक्त गेलं, एक पाय सुजला, दम लागला, तर बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जिथे दाखवता तिथे त्याच दिवशी जा.

केआय-६७ हे प्रोटीन दुभंगायच्या चक्रात असलेल्या पेशींतच दिसतं. १२ टक्के म्हणजे तपासलेल्या शंभरातल्या बारा पेशी तेव्हा त्या चक्रात होत्या. हा आकडा कमीच्या बाजूचा आहे, लॅबनुसार मोजणीत थोडा फरक पडतो, आणि डॉक्टर तो गाठीचा आकार, ग्रेड (पेशी नेहमीच्या पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात ते), काखेतल्या गाठी यांच्यासोबतच वाचतात, पुढच्या खेपेला या तिन्ही गोष्टी विचारून घ्या.