धडा तोंडपाठ, तरी शब्द वाचता येईना

इंग्रजी माध्यमाच्या दुसरीत शिकणाऱ्या एका मुलीची आई मला विचारत होती, "मॅडम, अख्खा धडा घडाघडा म्हणते. पण त्यातलाच एखादा शब्द दुसऱ्या कागदावर लिहून दाखवला की गप्प. स्पेलिंग रात्री पाठ, सकाळी कोरं. मुद्दाम करत असेल का हो?" बाबांची शंका वेगळी होती. त्यांनी डिस्लेक्सियाबद्दल, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं-लिहिणं फार अवघड जाण्याबद्दल, बरंच वाचलं होतं आणि हे काही तसं तर नाही ना, एवढंच त्यांना माझ्याकडून हवं होतं.

पहिली-दुसरीच्या पालकांकडून हे मी इतक्यांदा ऐकते, की या मुलीबरोबर आम्ही काय केलं ते जरा सविस्तर लिहावंसं वाटलं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मी तिला आधी मराठी वाचायला दिलं. सावकाश वाचलं, पण बरोबर वाचलं. जोडाक्षरांवर अडखळली, तेही वयाला धरूनच. मग इंग्रजीचं पुस्तक उघडलं. धडा सुरू झाला तेव्हा तिचं बोट एका ओळीवर होतं आणि तोंड पुढच्या ओळीवर. चित्र झाकलं, तर 'हाउस'चं 'हॉर्स' झालं. दोन्ही शब्द एच-ओने सुरू होतात, दोन्ही पाच अक्षरांचे. म्हणजे पहिलं अक्षर, शब्दाची लांबी, शेजारचं चित्र आणि आठवण एवढ्यावर ती 'वाचत' होती. शेवटी मी 'मिप', 'सॅब' असे कुठल्याही पुस्तकात नसलेले शब्द लिहून दिले. ती माझ्याकडे बघत राहिली. पाठ नसलेला शब्द वाचायचा रस्ताच तिच्याकडे नव्हता. इंग्लंडमध्ये २०१२ पासून साधारण सहा वर्षांच्या मुलांची जी फोनिक्सची, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचण्याची, चाचणी घेतली जाते, तिच्या ४० शब्दांपैकी २० असेच बनावट असतात. तिथेही हेतू हाच असतो: मूल आठवतंय की वाचतंय, ते कळावं.

मला खरी दिशा मिळाली ती तिच्या डिक्टेशनच्या वहीतून. पान लाल फुल्यांनी भरलेलं होतं. 'बेड'साठी तिने बी-ए-डी लिहिलं होतं. 'सन'साठी एस-ए-एन. 'वेट'साठी वाय-ई-टी. आईला हा निव्वळ निष्काळजीपणा वाटत होता. मी म्हटलं, थांबा, या चुका नीट ऐकून बघू. 'बेड'मधला स्वर तिच्या कानाला 'ए' ऐकू आला आणि 'ए' नावाचं अक्षर तिला माहीत होतं. तेच तिने लिहिलं. 'सन'मध्ये तिने 'अ' ऐकला. आपण स्वतःचं नाव इंग्रजीत लिहिताना 'अ'साठी ए हेच अक्षर लिहितो, तिनेही तेच केलं. 'वेट'ची सुरुवात 'व्'ने होते. आता डब्ल्यूचं नाव उच्चारून बघा, त्यात 'व्' कुठेच सापडत नाही. वायच्या नावात मात्र तो अगदी सुरुवातीलाच आहे! सात वर्षांच्या मुलीने स्वतःहून काढलेले हे निष्कर्ष आहेत. जी माहिती तिला मिळाली, त्यातून निघू शकणारं सगळ्यात शहाणं उत्तर तिने लिहिलं होतं.

अशा चुकांचा अभ्यास झालेला आहे. १९७० च्या दशकात चार्ल्स रीड या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने शाळेत जाण्याआधीच आपल्या मनाने लिहू लागलेल्या मुलांची स्पेलिंगं तपासली. त्यांतली काही मुलं 'ट्रक'ची सुरुवात सी-एच-आरने करत होती, कारण त्यांच्या बोलण्यात तिथला ध्वनी 'च्र'च्या जवळ जातो. मोठ्यांचे कान छापील स्पेलिंगला सरावलेले असतात, त्यामुळे मुलाला जे स्पष्ट ऐकू येतं ते आपल्याला ऐकू येत नाही. म्हणून मी पालकांना नेहमी सांगते, चुकीचं स्पेलिंग खोडण्याआधी मोठ्याने वाचा. बहुतेक वेळा त्यात मुलाचा विचार सापडतो.

आता प्रश्न असा, की मराठी वाचणारी मुलगी इंग्रजीत का अडली? मराठीत 'क' या अक्षराचं नाव आणि त्याचा आवाज जवळजवळ एकच. अक्षर ओळखलं की आवाज हातात आला. इंग्रजीत अक्षराचं नाव एक आणि काम दुसरं. त्यात अक्षरं २६ आणि ध्वनी सुमारे ४४, म्हणून काही ध्वनींना दोन-दोन, तीन-तीन अक्षरं मिळून उभं राहावं लागतं. या मुलीला शाळेत आणि घरी फक्त नावं शिकवली गेली होती. 'सी-ए-टी कॅट' हा घोष तिने शेकडो वेळा केला असेल. पण सी, ए, टी ही नावं कितीही भरभर म्हटली तरी त्यातून 'कॅट' निघत नाही. 'क्', 'ॲ', 'ट्' म्हटलं तर निघतो.

इथे आईचा चेहरा पडला. "पण मॅडम, आमचं शिक्षण मराठीत झालंय. आमचे उच्चार ऐकून ती अजून बिघडेल." मी त्यांना सांगितलं, आणि हे मी मनापासून मानते, की पाय मोडलेलं अक्षर ज्याला म्हणता येतं त्याच्याकडे फोनिक्सचं सगळ्यात मोलाचं साधन आधीच आहे. घरी शिकवताना सर्रास होतं काय, तर 'बॅट' फोडताना आपण 'ब - ॲ - ट' म्हणतो आणि 'ब'मध्ये, 'ट'मध्ये आपला 'अ' लपून येतो. मूल ते जोडतं आणि 'बअॅटअ' असं काहीतरी म्हणतं. त्यात त्याला 'बॅट' ऐकूच येत नाही. तोच 'अ' काढून टाका, पाय मोडा: 'ब्', 'ॲ', 'ट्'. 'स्' सापासारखा लांबवता येतो, 'म्', 'न्', 'फ्' सुद्धा. 'प्', 'ट्', 'क्' मात्र चटकन सोडून द्यायचे. आईने तिथल्या तिथे करून बघितलं आणि दुसऱ्याच प्रयत्नाला मुलीने 'सॅट' पकडला.

अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने घ्यायची नाहीत, हे पुष्कळांना विचित्र वाटतं. आम्ही सुरुवात एस, ए, टी, आय, पी, एन या सहांपासून केली. फोनिक्स शिकवणाऱ्या बऱ्याच पद्धती इथूनच सुरू होतात, कारण एवढ्यातच पिन, टॅप, सिट, नॅप, टिन, पॅन, पुढे स्पिन असे कितीतरी शब्द बनतात. ए-बी-सी-डी-ई-एफ घेऊन बसलात तर हाताशी फार थोडे शब्द येतात, आणि बी-डीचा गोंधळ पहिल्याच आठवड्यात.

रोज दहा-पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. आधी कान, मग डोळे. आई नुसते आवाज म्हणायची, मुलगी शब्द ओळखायची. मग उलट: आई शब्द म्हणायची आणि मुलगी कागदावर आखलेल्या चौकोनांत दर आवाजाला एक बटण सरकवायची. ही चौकोनांची युक्ती रशियन मानसशास्त्रज्ञ एल्कोनिन यांची. 'शिप'ला अक्षरं चार, पण बटणं तीनच. 'बॉक्स'ला अक्षरं तीन आणि बटणं चार! हे तिला इतकं आवडलं की ती घरातल्या सगळ्यांना शब्द देऊन बटणं मोजायला लावू लागली. स्पेलिंगचा पाया इथेच पडतो. शब्द ऐकायचा, आवाज सुटे करायचे, प्रत्येक आवाजाचं अक्षर लिहायचं. वाचनाची तीच वाट, फक्त उलट दिशेने, म्हणून दोन्ही एकत्रच शिकवावं.

स्वरांवर मात्र आम्ही खूप रेंगाळलो. पेन आणि पॅन, बेड आणि बॅड यांतला फरक तिच्या कानात पक्का नव्हता. कान पक्का नसताना स्पेलिंग घोकवणं व्यर्थ आहे. ती आरशात तोंड बघून 'ए' आणि 'ॲ' म्हणायची. 'ॲ'ला जबडा जास्त खाली जातो, हे तिचं तिनेच शोधलं.

बाबा एक दिवस म्हणाले, "ठीक आहे, पण पी-यू-टी पुट आणि बी-यू-टी बट, याचं काय करणार?" हा प्रश्न यायलाच हवा. दोन्ही शब्द पुन्हा बघा. पी, बी आणि टी आपापलं काम चोख करतायत. अडचण फक्त मधल्या यूची. 'सेड' या शब्दात एस आणि डी सरळ आहेत, मधले ए-आय तेवढे लक्षात ठेवायचे. म्हणजे अवघड शब्दातही पाठ करायचा तो एक तुकडा. आणि बाकी इंग्रजी वाटतं तितकं बेशिस्त नाही. आखूड स्वरानंतर शेवटी 'क्' आला तर छोट्या शब्दांत बहुधा सी-के येतं: बॅक, सिक, डक. 'कॅप'च्या शेवटी ई जोडला की 'केप' होतं. एक नियम कळला की त्याच्याबरोबर शब्दांची रांग येते. घोकून एका वेळी एकच शब्द येतो.

एक गोष्ट मी आईला आग्रहाने सांगितली. मुलगी 'सिप' वाचू लागली म्हणून तिला 'सिप' कळला असं समजू नका. गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाची मांडणी गुणाकारासारखी केली: शब्द उलगडणं गुणिले भाषा समजणं. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. घरात इंग्रजी बोललं जात नसेल तर दुसरा भाग आपोआप भरत नाही. त्यामुळे वाचलेला प्रत्येक नवा शब्द करून दाखवायचा, मराठीत बोलायचा आणि रोज एक गोष्ट मोठ्यांनी वाचून दाखवायची. गोष्ट मराठीतली असली तरी चालेल. गोष्टीत पुढे काय होईल याचा अंदाज बांधणं कुठल्याही भाषेत शिकता येतं.

आता डिस्लेक्सिया. बी-डीची अदलाबदल सातव्या वर्षापर्यंत सर्रास दिसते, तेवढ्यावरून काही ठरत नाही. माझं लक्ष इतर गोष्टींकडे असतं: बोलायला उशीर झाला होता का, यमक ओळखता येतं का, घरात आणखी कुणाला वाचनाचा त्रास होता का, मातृभाषेतलं वाचनही फार संथ आणि कष्टाचं आहे का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काही महिने नीट क्रमाने शिकवूनही ध्वनी जोडता येत नाहीत का. तसं असेल तर ऐकणं आणि दृष्टी तपासून घ्यावी आणि तज्ज्ञांकडून मूल्यमापन करून घ्यावं. लवकर कळलं तर मदतही लवकर मिळते. अशा मुलांनाही ध्वनींवर आधारलेली पद्धतच लागते, फक्त अधिक सावकाश आणि अधिक सराव देऊन. या मुलीच्या बाबतीत तशी चिन्हं नव्हती. तिला कुणी दाखवलंच नव्हतं, एवढंच.

काही आठवड्यांत तिने 'मिप' वाचला, आणि "पण असा शब्द नसतोच!" असं मला बजावलं. दोन अक्षरं मिळून लिहिल्या जाणाऱ्या लांब स्वरांच्या जोड्या अजून चालू आहेत, त्यांना वेळ लागेल.

राहता राहिली शाळेची दर आठवड्याची डिक्टेशनची यादी. ती थांबणार नव्हती. म्हणून आई आता यादी आली की मुलीबरोबर आधी शब्द म्हणून बघते. जे आवाजाप्रमाणे लिहिता येतात ते एका बाजूला. त्यांना पाठांतर नाही. उरलेल्यांमध्ये जेवढा तुकडा वाकडा जातो, तेवढ्याखाली मुलगी रंगीत पेन्सिलने रेघ मारते आणि तेवढाच लक्षात ठेवते. वर्गशिक्षिकांना मी एक चिठ्ठी पाठवली होती: काही दिवस तिच्या वहीत पूर्ण शब्दाला फुली न मारता बरोबर अक्षरांना खूण करावी. त्यांनी ते लगेच मान्य केलं, आणि पुढच्या महिन्यात वर्गातल्या आणखी काही वह्यांतही तसंच तपासायला सुरुवात केली.