माझी मुलगी परभणीत शाळेच्या संघातून राइट बॅक खेळते. तिला ॲलेक्स स्कॉटबद्दल काय सांगू?

आधी हे सांगा की इंग्लंडची फुटबॉलपटू ॲलेक्सही राइट बॅकच, म्हणजे उजवीकडची बचावपटू होती. जन्म 1984चा, पूर्व लंडनमधला. वडील जमैकन मुळाचे. आईकडच्या पूर्वजांत आयरिश, शिवाय लिथुआनियातून आलेले ज्यू. आठव्या वर्षी ती लंडनच्या आर्सेनल क्लबमध्ये आली.

2007च्या युएफा महिला कपची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची, फायनल दोन सामन्यांची होती. आर्सेनल विरुद्ध स्वीडनचा उमेओ क्लब, दोन्ही सामने मिळून गोल झाला एकच, आणि तो हिचा, पहिल्या सामन्याच्या अगदी शेवटच्या क्षणी! बचावपटूचा, बरं का. ब्रिटनमधल्या कुठल्याही महिला संघाला तो कप त्याआधी मिळाला नव्हता. आणि याच ॲलेक्सनं पोटापाण्यासाठी क्लबच्या लाँड्रीत पुरुष खेळाडूंचे कपडे धुतलेत. आपल्याकडे ‘पोरींच्या फुटबॉलला कोण विचारतं’ म्हणतात, तिथंही तेव्हा फार वेगळं नव्हतं.

पुढं अमेरिकेत बॉस्टन ब्रेकर्स क्लब, 2012चं ऑलिंपिक, इंग्लंडसाठी 140 सामने. 2018मध्ये निवृत्ती, मग बीबीसीवर विश्लेषण. तिथं वर्णावरून, बाई असण्यावरून तिला इंटरनेटवर घाणेरड्या शिव्या पडल्या. मुलगी जाणती असेल तर हेही लपवू नका.